लॉनची सक्ती नको: आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, व्यवस्थापक समितीचे सदस्य आणि सर्व सभासद,

स. न. वि. वि.

या महिन्यातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका काल दारावर लागली. त्यातल्या दोन विषयांबद्दल हे पत्र आहे. एक, प्रत्येक रो-हाऊसच्या दर्शनी भागात ‘एकसमान व नियमित कापलेलं लॉन’ असणं बंधनकारक करण्याचा ठराव. दुसरा, क्लबहाऊससमोरचं जुनं लॉन उकरून तिथे नवं कार्पेट लॉन टाकण्याच्या खर्चाला मंजुरी. दोन्हींना माझा विरोध आहे. सभेत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात आणि त्यात पाणी, माती, फुलं, साप आणि डास एवढं सगळं बसत नाही, म्हणून आधीच लिहून पाठवते आहे. पत्र उघड ठेवलं, कारण बाणेर-बालेवाडीपासून वाघोली-हडपसरपर्यंत कुठल्याही सोसायटीत असाच ठराव येऊ शकतो. तिथल्या एखाद्या सभासदाला यातला काही भाग उचलून आपल्या समितीपुढे ठेवावासा वाटला, तर खुशाल ठेवावा.

माझं म्हणणं मुळात असं आहे. पुण्याच्या जमिनीला वर्षाचा स्वतःचा क्रम आहे. जूनमध्ये ती हिरवी होते, भाद्रपद-आश्विनात फुलते, मार्गशीर्षात गवत सोनेरी होतं आणि चैत्र-वैशाखात सगळं वाळून बी मातीत पडून राहतं. लॉनला यातला एकच महिना मान्य आहे आणि तो बाराही महिने टिकवायचा असतो. त्या हट्टापायी आपण पाणी, पैसे, औषधं आणि जमिनीवरचा सगळा जीव खर्ची घालतो. अंगणाने उन्हाळ्यात पिवळं पडायला सोसायटीची हरकत नसावी, एवढं जरी या सभेत मान्य झालं तरी बाकीचं पुष्कळसं आपोआप सुटेल.

आधी पाण्याचं बोलू. लॉनची आवड आपल्याकडे इंग्रजांच्या बंगल्यांबरोबर आली, आणि त्यांच्या देशात ती योग्यच आहे. लंडनला वर्षाकाठी सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला त्याहून जास्त, साधारण 700 ते 750 मिलिमीटर. पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा वाटलेला असतो आणि वर ऊनही बेताचं. आपला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात, राहिलेला ऑक्टोबरात पडून जातो. पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. तिथलं लॉन पावसावर जगतं, इथलं माणसाने नळ सोडल्याशिवाय जगत नाही.

किती पाणी? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला चौरस मीटरमागे निदान पाच लिटर तरी द्यावं लागतं. 500 चौरस मीटरच्या लॉनला रोज अडीच हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचा एक टँकर चार दिवसांत संपला. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. त्या हिशेबाने अठरा माणसांचं रोजचं पाणी आपण गवतावर ओततो, आणि तेही अशा दिवसांत, जेव्हा खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांच्या साठ्याचे आकडे रोज वर्तमानपत्रात छापून येत असतात आणि आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘टँकर कधी येणार’ ही विचारणा सकाळी सहापासून सुरू होते.

यावर समितीचं उत्तर मला माहीत आहे: आपण लॉनला एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतलंच शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतो. वापरतो, ते चांगलंच आहे. पण ते फुकटचं पाणी नाही. त्याला वीज लागते, माणूस लागतो, देखभाल लागते. शिवाय तेच पाणी फ्लशच्या टाक्यांना, गाड्या धुवायला, पार्किंग धुवायला आणि मोठ्या झाडांना चालतं. उन्हाळ्यात ते लॉनवरून वाचलं तर तेवढं ताजं पाणी वाचेल.

पाण्याइतकीच मला मातीची चिंता आहे. कार्पेट लॉन टाकताना आपण काय करतो, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूळची जमीन उकरायची, त्यावर ट्रकने आणलेली लाल माती पसरायची, शेणखत मिसळायचं आणि गवताच्या तयार चादरी अंथरायच्या. ती लाल माती कुठल्या तरी डोंगराचा उतार खरवडून आलेली असते. आपल्या आवारात मुळात मुरूम आणि थोडी काळी माती आहे, तिच्यावर ही परकी कातडी चढवायची. गवतही इथलं नसतं. कार्पेट लॉनचं झोयशिया हे पूर्व आणि आग्नेय आशियातलं गवत. मग त्याला युरिया द्यायचा, मुळं खाणारी हुमणी अळी आणि वाळवी लागू नये म्हणून क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारायचं, आणि त्या दिवशी ग्रुपवर निरोप: ‘लॉनवर औषध मारलं आहे, दोन दिवस मुलांना पाठवू नका.’ ज्या हिरवळीवर मुलांना सोडायची भीती वाटते ती कोणासाठी राखायची, हा प्रश्न मला तो निरोप आला की दर वेळी पडतो.

आणि त्या हिरवळीवर वावरतं कोण? पावसाळ्यात बागकामाच्या मावशी सकाळपासून उकिडवं बसून खुरप्याने लॉनमधलं ‘तण’ काढतात. एकदा त्यांची पाटी रिकामी होण्याआधी मी त्यात डोकावले. घोळ, माका, केना, दुधी, विष्णुक्रांता आणि कुर्डूची कोवळी रोपं होती. बिनपाण्याची, बिनखताची, बिनऔषधाची जी झाडं आपल्या मुरमातून स्वतःहून उगवतात, त्यांना उपटण्यासाठी आपण मजुरी देतो.

यातल्या घोळीचंच उदाहरण घेते. ही जमिनीलगत पसरणारी, मांसल पानांची भाजी. अनेकींच्या माहेरी डाळ घालून करतात. डॅनेड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू घोळीवर अंडी घालतं. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे मोठे ठिपके. मादी मात्र पूर्ण वेगळी, केशरी रंगाची, पंखांची टोकं काळी-पांढरी. ती हुबेहूब प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखरासारखी दिसते. कारण प्लेन टायगरच्या अळ्या रुईची पानं खातात आणि रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या मादीकडे विष नाही. ती विषारी फुलपाखराचं सोंग घेऊन जगते. म्हणजे घोळीवर वाढणाऱ्या या फुलपाखराचं रक्षण रुई करते. आपण लॉनमधून घोळ काढतो, कुंपणाजवळची रुई तोडतो आणि मग मुलांना फुलपाखरं दाखवायला तिकीट काढून उद्यानात नेतो.

माझ्या घरासमोरच्या जागेबद्दल काही सभासदांनी समितीकडे तोंडी तक्रार केली आहे, असं कानावर आलं. तर तिथे काय आहे ते सरळ सांगते. गेल्या काही वर्षांत मी तिथलं लॉन काढून इथली झाडं लावली. मागच्या भिंतीलगत अडुळसा, निर्गुडी, धायटी आणि एक कढीपत्ता. कोपऱ्यात रुई. तिच्या चिकाने डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून ती मुद्दाम वाटेपासून आणि मुलांच्या हातापासून लांब आहे. मध्ये मारवेल गवताचे ठोंब आणि त्यांच्यामध्ये पावसाळी फुलझाडं: तेरडा, कुर्डू, टाकळा, खुळखुळा, रानतीळ, आभाळी, कवला. पुढे वाटेच्या कडेने कोरांटी आणि अबोली. अगदी पुढची पट्टी हरळीची, ती कापून आखूड ठेवते.

सध्या, म्हणजे भाद्रपदात, कोणीही सकाळी नऊच्या सुमारास येऊन पाहावं. खुळखुळ्याला या दिवसांत टायगर गटातली फुलपाखरं लगडलेली असतात, आणि नीट बघितलं तर ती फुलांवर कमी आणि वाळक्या पानांवर, काड्यांवर जास्त बसलेली दिसतात. नर त्यातून एक रसायन शोषून घेतात. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला त्यांना ते लागतं. रुईच्या पानाखाली प्लेन टायगरची अळी असते. काळे-पांढरे पट्टे, पाठीवर पिवळे ठिपके आणि शिंगांसारख्या लवलवत्या तंतूंच्या तीन जोड्या. पान खाण्याआधी ती पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग निवांत खायला बसते. हे पाहायला भिंग लागत नाही, फक्त गुडघे टेकून दोन मिनिटं थांबावं लागतं. शेजारची शाळकरी मुलं थांबतात. त्यांना आता अळी कुठल्या झाडावर शोधायची तेही कळतं: कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन, टाकळ्यावर पिवळं इवलं ग्रास यलो. ब्ल्यू मॉरमॉन 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, आणि त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. लॉनच्या गवतावर तिला खायला काही नाही.

मधमाश्यांबद्दल एक गोष्ट मला इथे आवर्जून सांगायची आहे, कारण ‘वाळकं झाड ठेवलंय, साफ करत नाही’ ही तक्रार तिच्याशी जोडलेली आहे. पोळं न बांधता एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांच्या कितीतरी जाती आपल्याकडे आहेत. त्यातल्या एकीच्या पोटावर निळ्या चकचकीत पट्ट्या असतात. ती वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलाला बिलगते आणि अंग थरथरवून पराग झाडून घेते. साध्या मधमाशीला ते जमत नाही. ज्यांनी गच्चीवर कुंडीत वांगी लावली आहेत त्यांना ही माशी हवीच. तिची मादी उघड्या, न खणलेल्या मातीत बीळ करून अंडी घालते. नर संध्याकाळी वाळलेल्या काडीला जबड्यांनी घट्ट धरतात आणि एकाखाली एक असे ओळीने झोपतात. माझ्या अंगणातल्या गेल्या वर्षीच्या कुर्डूच्या वाळक्या काड्या मी काढत नाही, त्या या झोपेसाठी. लॉनमध्ये उघडी माती नाही आणि वाळकी काडी तर माळ्याची हार मानली जाते. त्या माशीने राहायचं कुठे?

या पत्रासाठी मला सणवाराची साक्षही काढायची आहे. गणपतीच्या पूजेला जी एकवीस पत्री लागते त्यात माका, आघाडा, विष्णुक्रांता, डोरली, रुई, शमी आणि दूर्वा आहेत. गौरी काही घरांत तेरड्याच्या असतात. मंगळागौरीला आघाडा लागतो, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. यातल्या बहुतेक माळावरच्या, बांधावरच्या, पाणी न मागणाऱ्या वनस्पती आहेत. आपल्या आधीच्या पिढ्यांनी त्यांना देवघरात जागा दिली. आपण त्याच वनस्पती आवारातून उपटून टाकतो आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडईत जाऊन त्यांची जुडी विकत आणतो. त्या जुड्या टेकड्यांवरून आणि गावांच्या माळांवरून खुडून आलेल्या असतात, हे वेगळंच. दहा घरांच्या अंगणात आघाडा, माका आणि दूर्वा असल्या तर सोसायटीच्या गणपतीची पत्री आवारातच मिळेल. यंदा शेजारच्या दोघींनी माझ्याकडून नेलीच.

आता आक्षेप. मी ते ऐकले आहेत आणि त्यातले काही खरे आहेत.

सापाचा आक्षेप सर्वांत मोठा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत, आणि घोणस गवतात बसते हे खरं आहे. पण आवारात साप येतो तो मुख्यतः उंदीर-घुशींच्या मागावर, आणि आपल्याकडे उंदीर-घुशी कशावर जगतात ते कचऱ्याच्या खोलीमागे जाऊन पाहावं. मी सुचवते ते असं: चालण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना किमान एक मीटरची पट्टी आखूड कापलेली ठेवायची. विटा, फरशा, फांद्यांचे ढीग लागवडीत ठेवायचे नाहीत. वाटेवर दिवा ठेवायचा. झाडीत हात घालताना काठीने आधी चाळवायचं. कचऱ्याची खोली बंद ठेवायची. टेकडीलगतच्या कुठल्याही आवारात हे लॉन असलं तरी करावंच लागतं.

डासांचं उत्तर सोपं आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचे डबे, एसीचं पाणी साठलेली बादली, उघडी टाकी या त्याच्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा हे सगळं उपडं करून कोरडं करायचं. रोज पाणी न मिळणाऱ्या झाडांच्या जागेत पाणी साचायला वावच कमी. उलट स्प्रिंकलरच्या कडेला जे खड्डे भरून राहतात त्यांच्याकडे समितीने जरूर पाहावं.

‘गबाळं दिसतं.’ दिसतं, कधी कधी. जिथे माणसाचा हात फिरलेला दिसत नाही तिथे लोकांना ओसाड वाटतं, हे मलाही समजतं. त्यावर उपाय म्हणजे कड. स्वच्छ आखलेली दगडी किंवा विटेची कड, मधून एक पायवाट, एक बाक आणि झाडांच्या नावांच्या पाट्या एवढं केलं की तीच झाडी लावलेली वाटते. मुलांच्या खेळण्याची जागा मी मागत नाहीच. तिथे हरळी ठेवू. हरळी इथली आहे, तुडवणं सोसते, उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या पावसाला पुन्हा उठते. दूर्वा म्हणून तीच आपण वाहतो.

वाळलेल्या गवताला आग लागण्याची भीती रास्त आहे. बी पडून गेल्यावर, जानेवारीच्या सुमाराला, गवत वीतभर उंचीवर कापायचं. ते होळीच्या आधी झालंच पाहिजे. कापलेलं गवत मोठ्या झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून जाईल. एका कोपऱ्यात, गाड्यांपासून आणि इमारतीपासून दूर, थोड्या काड्या कीटकांसाठी उभ्या ठेवायच्या.

एक सूचना मात्र लागवडीच्या बाजूने असलेल्यांसाठी, कारण चांगल्या हेतूने होणारी चूक याच ठिकाणी होते. ‘रानफुलांचं बी’ म्हणून जी पाकिटं मिळतात ती घेऊ नका. त्यात बहुधा परदेशी फुलं असतात. आश्विनात आपल्या टेकड्या पिवळ्या-केशरी फुलांनी भरून जातात, लोक फोटो काढायला जातात. ती बव्हंशी कॉसमॉस असते, मूळची मेक्सिकोतली, बागेतून सुटून रानात घुसलेली. ती जिथे दाट होते तिथे आपली पावसाळी फुलं उगवायला जागाच राहत नाही. घाणेरी तशीच, अमेरिकेतली. गाजरगवत तर आपल्याला माहीत आहेच. 1950 च्या दशकात त्याची भारतातली नवी नोंद पुण्यातूनच झाली. लॉन काढलेल्या उघड्या जमिनीवर सर्वांत आधी तेच येईल, आणि त्याने अंगाला खाज व काहींना दम्याचा त्रास होतो. ते फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला हे काम करावं लागेल. दुसऱ्या वर्षी कमी होतं.

आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावरून काही आणू नका. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात कासचं पठार आहे. तिथली फुलं जांभ्या दगडाच्या पातळ मातीत, हजार-बाराशे मीटर उंचीच्या धुक्यात आणि कितीतरी जास्त पावसात वाढतात. आपल्या आवारात ती जगणार नाहीत. आणणारा फक्त तिथली एक जागा रिकामी करून येईल. आपल्याला ज्याची नक्कल करायची आहे ते माळरान आपल्याच जिल्ह्यात आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, 1997 सालचं. गवत, बोरी-बाभळी, आणि त्यात चिंकारा. उन्हाळ्यात पाहिलं तर कोणालाही ते उजाड वाटेल. अशाच उजाड वाटणाऱ्या गवताळ जमिनी सरकारदरबारी पडीक म्हणून नोंदल्या गेल्या आणि त्यांच्यावरचं चिंकाऱ्याचं, लांडग्याचं, माळढोकाचं रान आक्रसत गेलं. आपल्या समितीने ठरावात ‘एकसमान’ लिहिलं आहे, तेव्हा नजर तीच आहे: जे वर्षभर हिरवं नाही ते निकामी.

ठराव काय व्हावा हे माझ्या परीने लिहून देते, म्हणजे सभेत वेळ जाणार नाही.

रो-हाऊससमोर लॉनची सक्ती करणारा विषय मागे घ्यावा. त्याऐवजी एवढाच नियम असावा, की दर्शनी जागा स्वच्छ असावी, वाटेलगतची मीटरभर पट्टी आखूड कापलेली असावी, गाजरगवत आणि साचलेलं पाणी नसावं, आणि वाळलेलं गवत होळीपूर्वी कापलेलं असावं. त्या नियमात लॉनही बसतं आणि माझं अंगणही.

क्लबहाऊससमोरच्या नव्या कार्पेटचा खर्च या वर्षी थांबवावा. मुलांच्या खेळाचा भाग तसाच हरळीला सोडून उरलेल्या अर्ध्या भागावर आपण माळाची लागवड करून बघू. वेळापत्रक ऋतूच ठरवून देतो. येत्या आश्विन-कार्तिकात बी गोळा करायचं, आपल्याच सभासदांच्या गावच्या बांधावरून, मालकाला विचारून आणि दर झाडावरचं थोडंच. तेरड्याचं बोंड हात लागताच फुटतं, म्हणून त्यावर आधीच कागदी पिशवी बांधावी लागते. टाकळ्याचं बी कठीण कवचाचं, ते पेरण्याआधी वाळूत चोळायचं. मार्चमध्ये त्या भागाचं पाणी बंद. एप्रिल-मेमध्ये शेवटचं एक पाणी देऊन त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरायचं आणि चार ते सहा आठवडे ठेवायचं. आपल्या वैशाखाच्या उन्हात खालचं गवत आणि तणाचं बरंचसं बी भाजून मरतं. तणनाशक लागत नाही. रोहिणीच्या सुमाराला प्लास्टिक काढून माती वरवर भुरभुरीत करायची, खत अजिबात घालायचं नाही, कारण खताने तणच माजतं. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की बी बारीक मातीत मिसळून फेकायचं. मारवेलचे ठोंब, कोरांटी, अडुळसा जुलैत.

पहिलं वर्ष देखणं नसेल, हे आताच लिहून ठेवते. गवत विरळ असेल, मधे मुरूम दिसेल, ग्रुपवर फोटो येतील. दोन पावसाळे द्यावेत. त्या काळात त्या भागाला उन्हाळ्यात एक थेंब पाणी द्यायचं नाही, आणि वाचलेल्या पाण्याचा हिशेब दर महिन्याला सूचनाफलकावर लावायचा. दोन पावसाळ्यांनंतर सभासदांना पटलं नाही तर तेव्हाची सभा पुन्हा लॉन टाकायला मोकळी आहे. माळी आणि मावशींचं काम कमी होईल ही शंकाही कोणी काढली होती. काम बदलेल, जाणार नाही. उलट घोळ, टाकळा, कुर्डू, केना यांतलं कोणतं रोप कोणतं हे आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं. पाट्यांवरची नावं त्यांना विचारूनच लिहावीत.

बी गोळा करणं, गाजरगवत उपटणं आणि नोंद ठेवणं यांची जबाबदारी मी घेते. आणखी चार-पाच घरांनी तयारी दाखवली आहे, त्यांची नावं सचिवांकडे वेगळी देत आहे. अर्ध्या भागाचा साधा आराखडा आणि झाडांची यादी या पत्रासोबत जोडली आहे. सभेच्या आधीच्या शनिवारी आणि रविवारी सकाळी आठ ते दहा मी घरासमोर असेन. ज्यांची तक्रार आहे त्यांनी तर नक्की यावं, आणि समितीतल्या निदान दोघांनी तरी ठराव मांडण्यापूर्वी येऊन ती जागा पाहावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक रो-हाऊसधारक सभासद
बाणेर, पुणे